दोन छायाचित्रे, एक चौकट : व्रणाची तुलना आणि हातातील फोन



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या अंबरनाथ पूर्वेतील चिकित्सालयात एक काका आले. वय अठ्ठावन्न, आयुष्य कारखान्यात उभे राहून गेलेले, मधुमेह बारा वर्षांचा. उजव्या तळपायावर, करंगळीच्या मुळाशी व्रण होता. मधुमेहाची औषधे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून नियमित चालू होती. व्रणाचे प्रक्षालन, लेपन, बंधन व आभ्यंतर चिकित्सा आम्ही सुरू केली. पहिल्या दिवशी मोबाइलवर एक छायाचित्र घेतले, तिसऱ्या आठवड्यात दुसरे घेतले आणि दोन्ही शेजारी शेजारी जोडून पाहिली. व्रण निम्म्याने लहान झालेला दिसत होता. मला समाधान वाटले व ते मी बोलूनही दाखविले.

काकांच्या बरोबर त्यांची कन्या आली होती. तिने फोन हातात घेतला, दोन्ही चित्रे निरखली आणि सहज विचारले, "डॉक्टर, पहिल्या फोटोत बाबांची करंगळी मोठी आहे, दुसऱ्यात लहान. मग पायसुद्धा लहान झाला का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसरे छायाचित्र अधिक अंतरावरून घेतले गेले होते, एवढेच त्याचे साधे कारण. पारदर्शक कागद ठेवून व्रणाची कडा आखली, पट्टीने मोजली. लांबी ३२ मिलिमीटर भरली. पहिल्या दिवशीच्या रुग्णपत्रकात मीच ३० मिलिमीटर लिहून ठेवले होते. व्रण कमी झाला नव्हता, किंचित वाढला होता. कडेखाली एषणी घातली तेव्हा एका बाजूस पोकळी लागली. त्याच दिवशी त्यांना शल्यचिकित्सकांकडे पाठविले. क्ष-किरण तपासणीत अस्थी सुरक्षित आढळली, कडेखालील दूषित भाग काढला गेला आणि पुढे उभयतांच्या देखरेखीखाली अकराव्या आठवड्यात व्रण भरून आला. आणखी पंधरा दिवस मी त्या फसव्या चित्रावर विसंबलो असतो तर काय झाले असते, हे वैद्यवर्गास सांगावयास नको.

प्रस्तुत लेख या चुकीतून जन्मास आला आहे. छायाचित्रे जोडणे हे अत्यंत सोपे काम आहे. त्यासाठी कोणतेही नवे ॲप फोनमध्ये घालण्याची आवश्यकता नाही, किंबहुना घालू नये असेच माझे मत आहे. परंतु जोडण्याआधी काय करावे आणि जोडल्यानंतर काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

दर्शन परीक्षा आणि तिची मर्यादा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपणां सर्वांस परिचित आहे. छायाचित्र या तिघांपैकी केवळ पहिलीस साहाय्य करते, आणि तेही अंशतः. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात व्रणाची आकृती, वर्ण, स्राव, गंध व वेदना यांचा विचार सांगितला आहे. त्यांपैकी आकृती आणि वर्ण छायाचित्रात उतरतात, स्रावाचा थोडा अंदाज येतो, गंध आणि वेदना मुळीच येत नाहीत. कडेखालील पोकळी तर चित्रात कधीच दिसत नाही.

असे असूनही छायाचित्राचे मोल मोठे आहे. शुद्ध व्रण, रुह्यमाण व्रण आणि सम्यक् रूढ व्रण या अवस्था कालक्रमाने येतात, आणि कालक्रम स्मरणात ठेवणे हे गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात अवघड असते. दद्रूचे मंडल मागील आठवड्यात कोठवर होते, विचर्चिकेची कंडू कमी झाली असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्वचेचे वैवर्ण्यही कमी झाले आहे काय, हे स्मृतीच्या भरवशावर सांगता येत नाही. श्वित्रात तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. परस्परांत मिसळलेली, संख्येने पुष्कळ आणि अनेक वर्षांची मंडले चरकाचार्यांनी असाध्य मानली आहेत. दोन मंडलांमधील निरोगी त्वचेची पट्टी रुंदावते आहे की अरुंद होते आहे, हे ठरविण्यास महिन्याच्या अंतराने घेतलेली आणि शेजारी ठेवलेली दोन चित्रे फार उपयोगी पडतात.

जुन्या नोंदीचे महत्त्व आपल्या गावाला नवे नाही. अंबरनाथ पूर्वेस वालधुनीच्या काठी असलेल्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहारकालीन या मंदिराची छायाचित्रे, रेखाटने आणि शिल्पांचे साचे मुंबई सरकारने १८६८ च्या सुमारास जे. जे. कलाशाळेच्या मंडळींकडून करवून घेतले. ऊनपावसाने दगड झिजत जातो, तेव्हा मूळ कोरीवकाम कसे होते हे सांगण्यास अशी नोंदच साक्षीला उभी राहते. त्या मंडळींनी केवळ छायाचित्रांवर भिस्त ठेवली नाही, रेखाटने आणि साचेही घेतले. आपल्या रुग्णपत्रकालाही हाच न्याय लागू आहे. चित्र असावे, आणि त्याच्या जोडीला मोजमापही असावे.

जोडण्यापूर्वी : चित्र कसे घ्यावे

अंतराचे गणित प्रथम ध्यानात घ्यावे. तोच व्रण एकदा २० सेंटिमीटरवरून आणि एकदा ३० सेंटिमीटरवरून टिपला, तर दुसऱ्या चित्रात त्याची लांबी सुमारे दोन-तृतीयांश दिसते आणि क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी भरते. म्हणजे औषधाचा एक कणही न देता केवळ हात दहा सेंटिमीटर मागे घेऊन आपण व्रण 'निम्मा' करू शकतो. माझी फसगत झाली ती नेमकी येथेच. म्हणून पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

१. प्रत्येक चित्रात मापाची पट्टी असावी. शाळकरी पट्टीची झेरॉक्स काढून कागदी तुकडे कापून ठेवावेत. मात्र झेरॉक्समध्ये माप मूळ पट्टीइतकेच उतरले आहे याची एकदा खात्री करावी. दर रुग्णास नवा तुकडा वापरावा व नंतर टाकून द्यावा. पट्टी व्रणाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवावी. त्याच तुकड्यावर दिनांक व रुग्णक्रमांक लिहावा, नाव लिहू नये.

२. अंतर ठरलेले असावे. फोन फार जवळ नेला असता मधला भाग फुगीर दिसतो. त्यापेक्षा एक फुटावर फोन धरून थोडे झूम करणे इष्ट. एक फूट लांबीची काठी वा दोरी टेबलाच्या खणात ठेवली म्हणजे दर वेळी अंदाज करावा लागत नाही.

३. प्रकाश एकच असावा. सकाळच्या खिडकीतील उजेड आणि सायंकाळच्या पिवळ्या दिव्याचा उजेड यांत त्वचेचा वर्ण वेगवेगळा उमटतो. शक्यतो एकाच खुर्चीत, एकाच दिव्याखाली, फ्लॅश न वापरता चित्र घ्यावे. चौकटीत स्वच्छ पांढऱ्या गॉजचा तुकडा दिसू द्यावा. दोन चित्रांतील पांढरा रंग जुळला तर वर्णाची तुलना काहीशी विश्वासार्ह ठरते. न जुळल्यास वर्णाविषयी मत देऊ नये.

४. सौंदर्यवर्धनाची सोय बंद करावी. अनेक फोनांच्या कॅमेऱ्यात त्वचा आपोआप नितळ करण्याची व्यवस्था असते. घरगुती समारंभात ती भले शोभो, व्यंग, पिडिका आणि कंडूचे ओरखडे पुसून टाकणारा असा कॅमेरा वैद्याच्या कामाचा नाही. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट प्रकारही टाळावा.

५. फोन एकाच दिशेने धरावा. एक चित्र उभे आणि एक आडवे असल्यास जोडताना एकाची काटछाट होते. पाय कोणत्या बाजूस, बोटे वर की खाली, हेही पहिल्या चित्राप्रमाणेच ठेवावे. त्यासाठी नवे चित्र घेण्यापूर्वी जुने चित्र एकदा उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वेगळे ॲप का नको

आमच्या चिकित्सालयातील मदतनीस मुलाने प्रथम फुकट मिळणारे एक ॲप फोनमध्ये घेतले होते. त्याने चित्रे जोडून दिली खरी, पण खाली आपल्या नावाची मोहोर उठविली, मध्येच जाहिराती दाखविल्या आणि आरंभीच फोनमधील सर्व छायाचित्रे पाहण्याची अनुमती मागितली. मुलाने ती देऊनही टाकली होती. त्या फोनमध्ये त्या वेळी कितीतरी रुग्णांची चित्रे होती, काही स्त्रीरुग्णांचीही. ती कोठे गेली नसतील असे मी आज मानतो, पण खात्रीने सांगू शकत नाही. ही अस्वस्थता पत्करण्याचे काहीच कारण नाही, कारण जे काम ते ॲप करते तेच काम फोनमध्ये आधीपासून असलेली साधने करतात.

आतुराच्या घरचा वृत्तांत बाहेर नेऊ नये, अशी शपथ चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिली जाते. आजच्या काळात रुग्णाचे घर त्याच्या चित्रातही असते. अलीकडे कायद्यानेही हेच सांगितले आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येण्याच्या आहेत. माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घेणे आणि दिलेली संमती परत घेण्याची मुभा असणे, ही त्यातील मूलसूत्रे आहेत. लहान चिकित्सालयांनीही आतापासूनच ती अंगवळणी पाडावीत.

प्रत्यक्ष जोडणी

बटणांची नावे फोनच्या भाषेप्रमाणे व आवृत्तीप्रमाणे थोडीफार बदलतात, रीत मात्र तीच राहते.

*अँड्रॉइड फोन, गूगल फोटोज :* हे बहुतेक अँड्रॉइड फोनांत आधीपासूनच असते. ते उघडून पहिल्या चित्रावर बोट दाबून धरावे, त्यावर बरोबरची खूण उमटते. मग दुसरे चित्र निवडावे. खाली दिसणाऱ्या 'ॲड टू' किंवा अधिकच्या चिन्हावर जाऊन 'कोलाज' निवडावे. दोनपासून सहापर्यंत चित्रे यात बसतात. चौकटींची रचना निवडून 'सेव्ह' करावे, जोडलेले चित्र स्वतंत्र साठविले जाते व मूळ चित्रे तशीच राहतात.

*फोनची स्वतःची गॅलरी :* सॅमसंगच्या फोनांत गॅलरी उघडून चित्रे निवडल्यावर खाली 'क्रिएट' व त्यात 'कोलाज' मिळते. अन्य अनेक कंपन्यांच्या गॅलरीतही चित्रे निवडल्यानंतर हीच सोय आढळते. आपल्या फोनमध्ये ती आहे काय, हे रुग्ण समोर नसताना एकदा शांतपणे पाहून ठेवावे.

*आयफोन :* यात २०१९ पासून 'शॉर्टकट्स' नावाचे साधन फोनबरोबरच येते. त्यात नवा शॉर्टकट तयार करून तीन क्रिया क्रमाने घालाव्यात. पहिली 'सिलेक्ट फोटोज', तिच्यात एकाहून अधिक चित्रे निवडण्याची मुभा चालू करावी. दुसरी 'कम्बाइन इमेजेस', तिच्यात 'हॉरिझॉन्टली' म्हणजे आडव्या ओळीत हा पर्याय ठेवावा. तिसरी 'सेव्ह टू फोटो अल्बम'. हे एकदाच करावे लागते. पुढे दर वेळी त्या शॉर्टकटवर बोट ठेवून दोन चित्रे निवडली की काम झाले. आधी जुने व मग नवे चित्र निवडावे, आणि क्रम बरोबर आला आहे हे तपासून घ्यावे.

*लेखनाचे साधन :* फोनमध्ये लेख लिहिण्याचे साधन आधीपासून असल्यास त्यात दोन स्तंभांचा तक्ता आखून प्रत्येक घरात एकेक चित्र ठेवता येते. वरच्या ओळीत दिनांक, खालच्या ओळीत मोजमाप लिहिता येते. मग त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. ही रीत थोडी सावकाशीची आहे, परंतु परिसंवादात वा या त्रैमासिकात रुग्णवृत्त पाठविताना मला तीच अधिक पसंत आहे, कारण आकडे आणि चित्र एकत्र राहतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. कोलाजच्या चौकटीत बसविताना चित्राच्या कडा कापल्या जातात आणि दोन बोटांनी चित्र लहान-मोठे करता येते. सोय म्हणून हे चांगले, तुलना म्हणून धोक्याचे. एक चित्र नकळत ताणले गेले की मघाचीच चूक पुन्हा घडते. म्हणून कागदी पट्टी कापली जाणार नाही असे पाहावे, आणि जोडल्यानंतर दोन्ही पट्ट्यांवरील एक सेंटिमीटर सारखा दिसतो काय हे प्रथम पाहावे. सारखा नसेल तर ती जोडणी रद्द समजावी.

जोडल्यानंतर

मूळ चित्रे पुसू नयेत. जोडलेल्या चित्रात बारीक तपशील अनेकदा कमी होतो आणि चित्र घेतल्याचा मूळ दिनांकही त्याच्याबरोबर राहीलच असे नाही. पुरावा म्हणून मूळ चित्रच ग्राह्य धरावे, जोडचित्र हे केवळ पाहण्याच्या सोयीसाठी आहे.

चित्रे कोठे साठतात याकडे लक्ष द्यावे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असल्यास सर्व चित्रे आपल्या खात्यात जातात, आणि तेच खाते घरातील अन्य फोनवर चालू असल्यास तेथेही दिसतात. शिवाय जुन्या चित्रांच्या 'आठवणी' आपोआप समोर येतात. घरात सर्वांच्या देखत एखाद्या रुग्णाचा व्रण झळकावा, ही कल्पनाही नकोशी वाटते. चिकित्सालयासाठी स्वतंत्र जुना फोन ठेवता आला तर उत्तम. न जमल्यास वेगळे खाते ठेवावे आणि कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद करावी. दर महिन्याअखेर चित्रे चिकित्सालयाच्या संगणकात रुग्णक्रमांकाप्रमाणे ठेवून फोन रिकामा करावा. चित्रे व्हॉट्सॲपवरील समूहात टाकण्याचा मोह आवरावा. सहकाऱ्याचा सल्ला हवा असेल तर त्या एकाच सहकाऱ्यास, चेहरा व ओळखीच्या खुणा वगळून, रुग्णाच्या अनुमतीनेच पाठवावे.

अनुमती लेखी असावी आणि तिची भाषा रुग्णाला कळणारी असावी. आम्ही रुग्णपत्रकाच्या मागे पुढील मजकूर छापून घेतला आहे : "माझ्या आजाराच्या भागाचे छायाचित्र उपचारांची प्रगती पाहण्यासाठी घेण्यास माझी संमती आहे. ते मला विचारल्याशिवाय इतरांस दाखविले जाणार नाही. मी सांगेन तेव्हा ते पुसले जाईल." शिक्षणासाठी वा लेखासाठी चित्र वापरावयाचे असल्यास त्याकरिता वेगळी सही घ्यावी. एका सहीत दोन्ही उरकू नये.

जाहिरातीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडचित्रे फलकावर वा समाजमाध्यमांवर लावण्याची प्रथा बोकाळली आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या परिशिष्टातील आजारांच्या निदान, उपचार वा निर्मूलनासाठी औषधांची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, आणि त्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग आणि ल्युकोडर्मा म्हणजे आपले श्वित्र, यांचा समावेश आहे. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. जे चित्र अंतराच्या फरकाने वैद्यालाच फसवू शकते, ते भोळ्या रुग्णाला किती फसवील?

समारोप

तात्पर्य, छायाचित्रे जोडण्याची कला पाच मिनिटांत येते. त्यासाठी पैसा लागत नाही, नवे ॲप लागत नाही, फोनचे विशेष ज्ञानही लागत नाही. लागते ती कागदाची एक पट्टी, अंतराचे एक पथ्य आणि रुग्णाच्या लज्जेविषयीचा आदर. चित्राने निष्कर्ष काढू नये, चित्राने प्रश्न उपस्थित करावा आणि उत्तरासाठी पुन्हा हात व्रणाकडे वळावा, हाच क्रम योग्य.

ते काका आता दर दोन महिन्यांनी पाय दाखविण्यास येतात. पादत्राणे मऊ वापरतात, रोज रात्री तळपाय आरशात पाहतात. मागील खेपेस मी फोन काढताच त्यांनी स्वतःच कागदी पट्टी उचलून पायाशी धरली आणि कन्येकडे पाहून हसले. तिच्या त्या साध्या प्रश्नाने त्यांचा पाय वाचला असे ते म्हणतात. माझ्यापुरते सांगायचे तर त्या प्रश्नाने मला माझ्याच रुग्णपत्रकातील आकडा पुन्हा वाचावयास लावले. तो आकडा पहिल्या दिवसापासून तेथेच होता. वैद्यबंधु-भगिनींनी आपापल्या रुग्णपत्रकांत अशी मोजमापे आवर्जून लिहावीत, आणि दोन चित्रे शेजारी ठेवण्यापूर्वी ती एकदा वाचावीत, एवढीच विनंती.